निळ्या उजेडातला डाग

आमच्या घरमालकांना आम्ही सगळे भाडेकरू आबाच म्हणायचो. पिंपळे गुरवातलं जुनं शेतकरी घर. जमिनी गेल्यावर आबा भोसरीतल्या एका फाउंड्रीत लागले आणि ओतलेल्या मालावरची वाळू झाडण्याच्या खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मी लातूरकडची. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये. मी पिंपरीच्या एका हॉस्पिटलात सिस्टर. आबांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं राहिलो. मुलगी झाली तेव्हा माझी आई गावाकडून येईपर्यंत काकींनीच, म्हणजे आबांच्या बायकोनं, मला आणि बाळाला न्हाऊ-माखू घातलं होतं. हे आधी सांगायला हवं. पुढचं सगळं एखाद्या परक्या पेशंटच्या बाबतीत झालं असतं, तर मी ते केव्हाच विसरले असते.

माझी ड्यूटी दुर्बिणीच्या खोलीत. नाकातून बारीक नळी श्वासनलिकेत उतरवतात, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, आणि आतलं सगळं पडद्यावर दिसतं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे निळ्या उजेडाचं मशीन आलं. पांढऱ्या उजेडात श्वासनलिकेचं अस्तर गुलाबी दिसतं. बटण दाबून निळा उजेड टाकला की तेच अस्तर आपल्या आपण हिरवं चमकायला लागतं. जिथं पेशी बिघडायला लागल्या असतील तिथं ती चमक येत नाही, तेवढा भाग तपकिरी-लाल राहतो. आमच्या छातीच्या डॉक्टर मॅडम प्रत्येक नव्या सिस्टरला सांगायच्या, "गाठ व्हायच्या आधीचं दिसतं यात. पण साधी सूज असली तरी लालच दिसतं. म्हणून लाल दिसलं की तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आणि तो तुकडा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही."

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आबा तिथल्याच नळापाशी तोंड धुताना खोकले आणि थुंकले. पाण्याबरोबर लाल धागा वाहत गेला.

"आबा, हे कधीपासून?"

"हिरडीतनं येतंय. घासताना जरा जोरात घासलं."

"हिरडीतलं रक्त असं खोकल्याबरोबर येत नाही."

"तुझ्या हास्पिटलात कामं कमी पडली काय गं? माझ्या मागं कुठं लागलीस?" ते हसले, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले. विडी सोडून त्यांना पाच-सहा वर्षं झाली होती. ते त्यांनी केसपेपर काढणाऱ्या मुलीलाही सांगितलं, मॅडमनाही सांगितलं, एक्स-रे काढणाऱ्यालाही सांगितलं.

एक्स-रे साफ आला. मग सीटी स्कॅन केला, तोही साफ. आबा इतके खूश झाले की गेटपाशी भेटेल त्याला "फोटोत काय न्हाई निघालं" म्हणून सांगत सुटले. काकींनी सगळ्या भाडेकरूंकडे गूळ-खोबरं पाठवलं. तीनच दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं.

"हे तुझे कोण?"

"घरमालक आहेत. म्हणजे घरच्यासारखेच."

"थुंकीत ज्या पेशी आल्यात त्या मला बऱ्या वाटत नाहीत. फोटोत दिसत नाही असं काहीतरी आत आहे. निळ्या उजेडात बघू या."

तपासणीच्या दिवशी काकी मुलीकडे राजगुरुनगरला गेल्या होत्या आणि मुलगा माण गावाला, त्याच्या प्लॉटिंगच्या कामात. आबांनी मुद्दामच तो दिवस धरला असणार. संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी सही लागते. आबा म्हणाले, "हिचीच घ्या. पोरगीच हाय माझी." मी सही केली. घाईत होते, मागं ट्रे लावायचा राहिला होता.

घसा बधिर केला, गुंगीचं औषध थोडंसंच दिलं. आबांनी माझं मनगट धरलं. नळी डाव्या फुप्फुसाकडे वळली. पांढऱ्या उजेडात सगळं गुलाबी, ओलं, नेहमीसारखं. मॅडमनी बटण दाबलं. पडदा हिरवा झाला, आणि जिथं श्वासनलिकेला फाटा फुटतो तिथल्या धारेवर, हरभऱ्याच्या डाळीएवढा डाग हिरवा झालाच नाही. मॅडमनी परत पांढरा उजेड केला. काही नाही. परत निळा. डाग तिथंच. मॅडमनी चिमटा मागितला. तो देताना माझ्या लक्षात आलं की आबांची मान किंचित वळलीय आणि त्यांचे डोळे पडद्यावर आहेत.

तासाभरानं, घशात जीव आल्यावर, त्यांनी पहिलं हेच विचारलं. "ते लाल काय व्हतं गं?"

मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हणाले, "काही नाही आबा. पुष्कळांना दिसतं तसं. बहुतेक वेळा साधी सूजच निघते."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, मी बरं केलं.

रिपोर्ट आला तेव्हाही ते एकटेच आले. मॅडमनी मला थांबवून घेतलं. त्यांना आडवळणानं बोलता येत नाही, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची आबांच्या जवळ ओढली. "आबा, पेशी कॅन्सरच्या झाल्यात. पण अजून वरच्या थरातच आहेत, खाली उतरलेल्या नाहीत. इतक्या लवकर सापडणं हे नशीब समजा. याच दुर्बिणीतून तेवढी जागा जाळून टाकता येईल. मग वरचेवर बघत राहायचं."

आबांनी विचारलं, "पांढऱ्या उजेडात दिसतंय का?"

"नाही."

"फोटोत?"

"नाही."

"दुखत तर न्हाईच. मग हाय कुठं?"

मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आबांनी नीट बघितलं, घडी करून खिशात ठेवलं आणि "कळवतो" म्हणून उठले. लिफ्टपाशी मला म्हणाले, "घरी यातलं अक्षर बोलायचं न्हाई. काकीला तर न्हाईच न्हाई. तुझ्या पोरीची शपथ हाय तुला."

"आबा, शपथ कशाला घालता? डॉक्टर म्हणतात त्यात—"

"तूच म्हणलीस ना, सूज असती म्हणून?"

"तेव्हा रिपोर्ट आला नव्हता."

"तवा तू खरं बोललीस. आता कागद बघून बोलतीयास."

लिफ्ट आली. ते निघून गेले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल काय सांगू. रोज पहाटे खालच्या मजल्यावरून त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि मी अंथरुणात पडून मोजायची, काल जास्त होता की आज. हॉस्पिटलातून फोन गेले. "येतो, येतो, जरा गावाकडची कामं हायत," असं आबा गोड बोलून ठेवून द्यायचे. शेवटी मॅडमनी स्वतः केला. त्यांनाही "येतो" म्हणाले. मी मॅडमना विचारलं, "घरच्यांना सांगता येणार नाही का?" त्या म्हणाल्या, "माणूस शुद्धीत आहे, आपलं भलं-बुरं कळतंय. त्यानं सांगू नका म्हटल्यावर मी सांगू शकत नाही, आणि तूही नाही. हात बांधून थोडंच आणणार आहोत आपण?"

नवऱ्याचं मत उलटं. तो पहिल्या पाळीला असला की रात्री जेवताना रोज तेच. "काकींना सांगून टाक. शपथेनं कुणाचं काही होत नसतं."

"हॉस्पिटलचा नियम आहे."

"मग नियमामुळं गप्प आहेस की शपथेमुळं, ते तरी ठरव."

ते मला ठरवता येत नव्हतं. मुलगी समोर बसून भातात दही कालवत असायची. मी तिच्याकडे बघायची आणि विषय बदलायची.

एकदा मात्र मी खाली गेले. दुपारची वेळ होती, काकी ओट्यावर तीळ निवडत होत्या. मी शेजारी बसून हात लावला आणि म्हणाले, "काकी, आबांना परत एकदा हॉस्पिटलात न्यायला पाहिजे."

"कशाला? मागंच न्हेलं न्हवतं का तू? समदं साफ निघालं म्हणले."

"खोकला जात नाहीये अजून."

काकींनी सूप खाली ठेवलं. "काय हाय का दुसरं? आसंल तर सांग बाई. माझ्यापासनं ठिवू नगं."

आता बोलायचं, असं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात आबा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. रागानं बघत नव्हते. हात जोडल्यासारखे छातीशी धरून नुसते उभे. मी म्हणाले, "काही नाही काकी. वाफ देत जा रात्री. ओवा घालून." आणि वर निघून आले. जिन्यात मला रडूही आलं नाही.

आबांना बैलगाडा शर्यतींचा नाद होता. चाकणच्या पुढं एका गावात चुलतभावाच्या गोठ्यात त्यांच्या भागीतला एक खोंड होता. बंदी उठल्यापासून ते एकही घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चुकवत नव्हते. "जत्रा होऊ दे, मग बघू" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चैत्रात त्या गावची जत्रा होती. नवऱ्याला सुट्टी होती, आम्हालाही घेऊन गेले.

घाटात माणसं मावत नव्हती. आबांचा खोंड पळायचा होता, पण त्याला जुंपायच्या आधी आबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि चुलतभावाला म्हणाले, "आज नको. पुढचा उजवा जपून टाकतोय." चुलतभावाला काही दिसेना. आणखी दोघांनी चालवून बघितलं, त्यांनाही दिसेना. आबा ऐकेनात. खोंड बाजूला घेतला, बाभळीखाली बांधला आणि त्याच्या खुरापाशी बसून बोटानं चाचपायला लागले. मी जवळ गेले.

"आबा, कुणाला दिसत नाही ते तुम्हाला दिसलं. तुम्ही थांबलात. मग स्वतःच्या बाबतीत का नाही थांबत?"

ते खूर सोडेनात. खाली बघतच म्हणाले, "माझा थोरला भाऊ माझ्याच खात्यात व्हता. त्याच्याबी छातीत निघालं. डाक्टर म्हणले, बारकं हाय, काढून टाकू. सकाळी चालत गेला टेबलावर. न्हाई आला परत. मीच घेऊन गेलो व्हतो त्याला, माझ्या सायकलवर बसवून."

"तुम्हाला फाडणार नाहीत आबा. दुर्बिणीतूनच आहे."

"त्यालाबी बारकंच म्हणले व्हते."

तिकडे भिर्रर्रची आरोळी उठली, गाडा सुटला, माणसं ओरडली. आबा उठले आणि इतरांबरोबर घाटाच्या कडेनं पन्नासेक पावलं पळाले. टोपी हातात, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात. परत आले तेव्हा धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता. "बघ. पळालो का न्हाई? आजारी माणूस पळतो व्हय?"

त्या उन्हाळ्यात मी आणखी दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं. हे सोडणं मला कुठं तरी सोयीचंही झालं होतं, हे लिहायला हवं. पावसाळ्यात त्यांचा खोकला कमी झाला आणि मी स्वतःच्या मनाशी म्हणू लागले की तुकड्यात सगळाच डाग निघून गेला असेल. असं कधी कधी होतं, अगदीच होत नाही असं नाही. त्या आधारावर मी चार महिने झोपले.

पुढची संक्रांत झाली आणि एका दुपारी काकींनी खालून हाक मारली. ती हाक ऐकूनच मी गॅस बंद केला. आबा मोरीपाशी बसले होते आणि मोरीत, भिंतीवर, बनियनवर रक्त. मी त्यांना कुशीवर वळवलं, नवऱ्यानं गाडी बोलावली.

दुसऱ्या दिवशी परत तीच खोली, तोच पलंग. आबांनी परत माझं मनगट धरलं. या वेळी नळी त्या फाट्यापाशी पोचली आणि पांढऱ्या उजेडातच दिसलं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ, अर्धी वाट अडवून बसलेली, हात लागताच रक्त. मॅडमनी निळ्या उजेडाच्या बटणाला हातच लावला नाही. त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही. स्कॅनमध्ये कळलं, यकृतातही पोचलंय.

जुनी फाईल लागणार होती. ती मुलाला कपाटात सापडली, खोंडाच्या कागदांखाली. त्यात पहिल्या तपासणीचा रिपोर्ट, मॅडमनी काढलेलं ते चित्र, आणि संमतीच्या कागदाची प्रत. मुलानं सगळं काकींना वाचून दाखवलं.

काकींना गुडघ्यांमुळं जिना चढवत नसे. त्या संध्याकाळी त्या दोन मजले चढून आल्या. मी दार उघडलं. त्यांनी कागद पुढं केला.

"ही सही तुझी?"

"हो काकी."

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"हो."

"समदं वरीस?"

"हो."

त्या उंबऱ्यातच बसल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. "मी रोज त्यास्नी भाकरी वाढत व्हते, आन तू वर बसून खोकला ऐकत व्हतीस."

"त्यांनी शपथ घातली होती, काकी."

"कुणाची?"

मी मुलीकडे बघितलं. ती अभ्यास थांबवून आमच्याकडे बघत होती. काकींच्या लक्षात आलं. त्यांनी कागदाची कड बोटानं सरळ केली. मग म्हणाल्या, "मलाबी घातली व्हती त्यांनी एकदा, माझ्या ल्योकाची. दुसऱ्या एका गोष्टीवरनं. मी मोडली. ल्योकाचं काय झालं? काय बी झालं न्हाई."

त्या कठड्याला धरून उठल्या आणि एकेक पायरी उतरत गेल्या. मी हात द्यायला पुढं झाले, तो त्यांनी घेतला नाही.

आबांना औषधं सुरू झाली. दोन वेळा सलाइनमधून दिली, तिसऱ्या वेळी मॅडमच म्हणाल्या, आता त्रास नको, घरी न्या. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते लावणं, इंजेक्शन देणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. काकी मला अडवत नसत आणि माझ्याशी बोलतही नसत. मी गेले की त्या स्वयंपाकघरात जायच्या. चहाचा कप मात्र पलंगापाशी ठेवलेला असायचा.

एकदा मी मशीनची नळी नीट करत होते तेव्हा आबा म्हणाले, "पोरी, तू बोलली असतीस ना, तरी मी गेलो नसतो." बोलताना त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. ते खरंच होतं, की माझ्यावरचं ओझं काढायला म्हणाले, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. काकी बोलल्या असत्या तर ते गेले असते, असं मला वाटतं. काकींचं ते ऐकायचे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, आबा गेले. मी ड्यूटीवर होते. फोन आला तेव्हा पडद्यावर दुसऱ्या कुणाची तरी श्वासनलिका होती आणि मॅडम बटण दाबत होत्या. ते सगळं हिरवं होतं. मी ती तपासणी संपेपर्यंत उभी राहिले, कारण ट्रे माझ्या हातात होता.

वर्षश्राद्धापर्यंत आम्ही त्या घरात राहिलो. मग नवऱ्यानं देहूरोडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर जागा बघितली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकी गेटपाशी आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला आपणहून विचारलं, "तिथं पाणी रोज येतं का?"

"एक दिवसाआड. वर चढत नाही म्हणतात. खालून भरून न्यायचं."

त्या आत गेल्या आणि मोरीतलं मोठं निळं पिंप घरंगळत घेऊन आल्या. "ह्ये घिऊन जा. पोरीचे कपडे धुवायला पाणी लागतं."

"टेम्पोत जागा नाही काकी."

त्या पिंपावर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग कपाटाची बांधलेली दोरी सोडली, कपाट आडवं केलं आणि जागा केली.